रायफल, मीठ आणि हवा न पोचणारी जागा

"काका, स्टेनलेसची घेतोय. म्हणजे गंजाची कटकट मिटली ना?"

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडहून पुतण्याचा फोन आला. तो तिथे दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर नोकरीला आहे. रीतसर परवाना काढलाय आणि आता डोंगरात थारच्या शिकारीला जायचंय. थार म्हणजे आपल्या हिमालयातली रानबकरी. १९०४ साली ती तिकडे नेऊन सोडली. तिला खाणारं कुणी तिथे नाही, त्यामुळे तिने डोंगरावरची झाडंझुडपं फस्त करायला घेतली, आणि आता तिथलं सरकारच तिची संख्या आटोक्यात ठेवायला शिकारीला मोकळीक देतं. तीन-चारशे मीटरवरून नेम धरायचा, म्हणून बोल्ट अ‍ॅक्शन रायफल. हा बोल्ट म्हणजे थेट आपल्या दाराची कडी. उचलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे सरकवली की नवं आत, खाली दाबली की कुलूप.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. कोकणात ज्या थोड्याफार बंदुका दिसतात त्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या, ठासणीच्या नाहीतर बारा बोअरच्या. तेव्हा लांब पल्ल्याच्या रायफलीबद्दल मी बोलावं असं काही नाही. पण गंजाशी माझं वैर जुनं. बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि घर मालवणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खिडक्यांच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग देतो आणि दर दोन वर्षांनी हरतो.

त्याला म्हटलं, "नाही मिटली."

"का?"

त्या 'का'चं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं.

लोखंड पाण्याने गंजतं असं आपण पाचवी-सहावीत शिकतो. किनाऱ्यावर हे वाक्य अपुरं पडतं. इथे खरा मालक मीठ. पावसाळ्यात स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटतं ते सगळ्यांनी पाहिलंय. शुद्ध मिठाला पाणी सुटायला हवेत साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याला ३३ टक्केसुद्धा पुरतात. लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, वाळतात, आणि लोखंडावर डोळ्यांना न दिसणारं मीठ ठेवून जातात. ते मीठ मग हवेतलं पाणी ओढत बसतं. बंदूक कोरड्या फडक्याने पुसून कपाटात ठेवली तरी ती कोरडी नसते. मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं, आणि गंजणं ही तर विजेचीच क्रिया.

आता माझा लाडका प्रयोग. दरवर्षी नववीच्या वर्गात करायचो. लोखंडाचा पत्रा काचकागदाने घासून चकचकीत करायचा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवायचा. थेंबात दोन दर्शकं: पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फथॅलीन. लोखंड विरघळेल तिथे निळा रंग, अल्कली तयार होईल तिथे गुलाबी. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांच्या नावाने हा थेंब ओळखला जातो. पोरांना आधी विचारायचो, जास्त हवा कुठे? थेंबाच्या कडेला, कारण तिथे पाण्याचा थर पातळ. मग लोखंड कुठे खाल्लं जाईल? सगळा वर्ग ओरडायचा, "कडेला!"

पाच-दहा मिनिटांत थेंबाच्या मध्यभागी निळा ठिपका उमटायचा आणि कडेने गुलाबी कडं. म्हणजे वर्ग चुकला. कडेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो, पण ते इलेक्ट्रॉन पुरवायला लोखंड विरघळतं ते मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी. तांबडा गंज साचतो या दोघांच्या मधल्या पट्ट्यात. गुन्हा एकीकडे आणि डाग दुसरीकडे. जिथे हवा कमी, तिथे खड्डा. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

स्टेनलेसचा जन्म बंदुकीच्या नळीपायीच झाला, हे पुतण्याला ठाऊक नव्हतं. इंग्लंडमधल्या शेफील्डचे हॅरी ब्रिअर्ली रायफलच्या नळ्या आतून लवकर झिजतात म्हणून वेगवेगळी पोलादं करून बघत होते. १९१३च्या ऑगस्टमध्ये त्यांनी १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी पोलादाचा तुकडा आम्लाने थोडा खरवडावा लागतो. हा तुकडा आम्लाला दादच देईना. भंगाराच्या ढिगात एकच तुकडा चमकत होता आणि साहेबांची नजर गेली, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण ती सोडून द्या. खरी हकिगत जास्त चांगली आहे. झीज शोधायला निघालेल्या माणसाला गंज न लागणं सापडलं, आणि त्याने ते ओळखलं. त्या पोलादापासून सगळ्यात आधी सुऱ्या झाल्या.

स्टेनलेस गंजत नाही हा समज चुकीचा. ते क्षणात गंजतं, म्हणून टिकतं. पोलादात साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक ते तीन नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. ओरखडा पडला की पापुद्रा आपोआप पुन्हा धरतो. अट एकच, ऑक्सिजन मिळाला पाहिजे.

किनाऱ्यावर या पापुद्र्याचा शत्रू क्लोराइड. एखाद्या कमकुवत जागी ते पापुद्रा फोडतं. उघड्यावर असेल तर जखम भरते. पण फट असेल, मळाचा थर असेल किंवा दोन भागांची सांध असेल, तर आतला ऑक्सिजन संपतो आणि इव्हान्सचा थेंब पुन्हा सुरू होतो. आत धातू विरघळतो. विरघळलेल्या क्रोमियमच्या आयनांची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रॉक्साइडचा साका बसतो आणि मोकळे होतात हायड्रोजन आयन, म्हणजे आम्ल. आत धनभार वाढला, तो तोलायला बाहेरून आणखी क्लोराइड आत येतं. आम्ल आणि क्लोराइड दोन्ही वाढल्यावर पापुद्रा धरण्याची आशाच नाही. खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो. वरून दिसतं टाचणीच्या टोकाएवढं भोक.

याला किती दाद द्यायची ते पोलादाच्या घडणीवर. क्रोमियमचे टक्के, अधिक ३.३ गुणिले मॉलिब्डेनम, अधिक १६ गुणिले नायट्रोजन, असा एक अंक काढतात. जास्त तेवढा चांगला. आपल्या डब्या-पातेल्यांचं ३०४ जातीचं पोलाद अठराच्या वर जातं. दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचं ३१६, जे बोटींवर वापरतात, ते चोवीसच्या आसपास. आणि रायफलच्या स्टेनलेस नळ्या ज्या ४१६ जातीच्या असतात तिचा अंक जेमतेम बारा-तेरा! ३०४ आणि ३१६ तापवून-विझवून कडक करता येत नाहीत, आणि नळीला ते बळ हवं, म्हणून ४१६. त्यात कातकामाला सोपं जावं म्हणून गंधक मुद्दाम घालतात, आणि त्या गंधकाचे मँगनीजबरोबरचे कण हीच खड्ड्याची पहिली जागा. कमी गंधकाची नळ्यांसाठीची खास जात आहे, ती असेल तर घ्यावी. थोडक्यात, स्टेनलेस रायफल आणि स्टेनलेस डबा हे भाऊ नव्हेत, फार तर चुलतभाऊ.

इथवर वाचून डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: दिसणाऱ्या नळीपेक्षा न दिसणाऱ्या जागा बघायच्या.

नळीवर 'स्टेनलेस' लिहिलेलं असतं, पण आतली स्प्रिंग, घोड्याचे सुटे भाग, स्क्रू, काडतुसांची पेटी हे पुष्कळदा साध्या पोलादाचे असतात. दुकानात हा प्रश्न आधी विचारायचा. दुर्बिणीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पकडी पोलादावर बसतात. त्या सांधीत खारं पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. साध्या पोलादावरचा निळा-काळा रंग, ज्याला ब्लूइंग म्हणतात, तो मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्याच एका ऑक्साइडचा, सच्छिद्र थर. तेल धरून ठेवणं एवढाच त्याचा उपयोग. तेल गेलं की तो उघडा. नायट्रोजन मुरवलेला पृष्ठभाग किंवा भट्टीत पक्का केलेला सिरॅमिक लेप त्याहून कितीतरी बरा. लाकडी दस्ता देखणा, पण पावसाळ्यात आपलं दार फुगतं तसा तो फुगतो, नळीला कुठेतरी टेकतो आणि नेम ढळतो. ३०० मीटरवर एक मिनिट कोनाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर. म्हणून तिथे फायबरचा दस्ता, नळी त्याला न टेकणारी, सुटी. नळीच्या तोंडाची कड तर जिवापाड जपायची. गोळी सुटताना मागचा वायू चहूकडून सारखा निसटला पाहिजे. एका बाजूला खड्डा पडला की गोळीला जाता जाता धक्का.

आता आमच्याकडची गंमत. वाडीतल्या एका बागायतदारांची बारा बोअर. दसऱ्याला पूजा होते, नळीवर ओल्या कुंकवाची पाच बोटं उमटतात, आणि ती दिवाळीपर्यंत पुसायची नाहीत. गेल्या वर्षी नळीवर बरोबर पाच जागी खड्डे. म्हणाले, "सर, कोणाची तरी नजर लागली आसा बंदुकीक." नजर कसली! प्रत्येक बोटाखाली ओल धरलेली, घामाचं मीठ आत आणि हवा बाहेर. इव्हान्सचे पाच थेंब. पूजा खुशाल करा म्हटलं, संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवा. देव रागावत नाही. त्यांनी मान डोलावली. यंदा बोटं तीनच होती.

तेलावरून आठवलं. वहिनींनी लेकाला रायफलसाठी खोबरेलाची बाटली पाठवायचं ठरवलं होतं, कारण "आपल्याकडे सगळं त्यानेच राहतं." खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. इथे पौषातल्या सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. तिकडच्या डोंगरात बोल्टच्या आत घट्ट झालं तर काडतूस उडवणारी सुई जोरात आपटणारच नाही. शिवाय कालांतराने ते खवट होतं, म्हणजे त्यात आम्लं तयार होतात. खनिज तेलच बरं. बाटली मी ठेवून घेतली, घावन्यांसाठी.

शेवटी त्याने फायबरच्या दस्त्याची, कमी गंधकाच्या स्टेनलेस नळीची रायफल घेतली. मी बजावलं होतं की रायफल पावसात भिजली की घरी येऊन दस्ता सोडव, गोड्या पाण्याच्या फडक्याने पूस, वाळव, मग तेल. आणि ती बंद पिशवीत ठेवू नकोस. मार्चमध्ये त्याने फोटो पाठवला. वरून नळी आरशासारखी. दस्ता काढल्यावर नळीच्या पोटाशी, दस्त्याची कड अगदी जवळ येते तिथे, पेन्सिलीने ओढावी तशी एक तपकिरी रेघ. खाली लिहिलं होतं, "काका, दोनदाच सोडवायला विसरलो."