ॲक्ट युअर एज : फारसी भाषिकांसाठी एक इंग्रजी वाक्प्रचार

ॲक्ट युअर एज म्हणजे वयाला शोभेल असं वाग, पोरकटपणा पुरे झाला. इंग्रजीत हे रोजच्या बोलण्यातलं आहे, आई मोठ्या झालेल्या मुलाला म्हणते, बहीण भावाला म्हणते, आणि बहुतेक वेळा वैतागूनच म्हणते. फारसी बोलणारी माणसं इंग्रजी शिकताना इथे दोनतीन ठिकाणी अडखळतात.

पहिली अडचण ॲक्ट या शब्दाची. फारसीत नटाने भूमिका करणं म्हणजे नक़्श बाज़ी कर्दन आणि वागणं म्हणजे रफ़्तार कर्दन (आपल्याकडे रफ्तार म्हणजे वेग, तिकडे वागणूक!), दोन्ही क्रियापदं वेगळी, त्यामुळे ज्याला ॲक्ट म्हणजे फक्त नाटकातलं माहितीये त्याला वाटतं की वयाचं सोंग घे असं सांगतायत. मग तो मध्ये लाइक वगैरे घालायला बघतो, पण मूळ वाक्प्रचारात मध्ये काहीच येत नाही.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. बोलणं तिसऱ्या माणसाबद्दल असेल तर युअर बदलून हिज किंवा हर करावं लागतं, आणि फारसीत तो आणि ती दोघांनाही ऊ हा एकच शब्द, तिथे लिंगभेद नाहीच, त्यामुळे चांगलं इंग्रजी येणारे सुद्धा बोलण्याच्या ओघात बाईबद्दल ॲक्ट हिज एज म्हणून जातात.

अर्थ समजवायला फारसीतच तयार शब्द आहेत. बच्चे नशो, म्हणजे लहान मूल होऊ नकोस, किंवा बच्चेगी नकोन, पोरपणा करू नकोस. मोठं होऊनही पोरासारखं वागणाऱ्याला ख़ेर्स-ए-गोन्दे म्हणतात, शब्दशः थोराड अस्वल, आपण एवढा घोडा झालास तरी अक्कल नाही म्हणतो त्यातलाच प्रकार. बोज़ोर्गी बे अक़्ल अस्त न बे साल, म्हणजे मोठेपण अकलेने येतं वर्षांनी नाही, हे फारसी कवी सादीच्या १२५८ सालच्या गुलिस्तान या पुस्तकातलं वाक्य पण पटकन आठवतं, पण ते इथे समानार्थी म्हणून देऊ नये असं मला वाटतं, कारण इंग्रजी वाक्प्रचार वय वाढलं की समज यायलाच हवी असं धरून चालतो आणि सादी नेमकं तेच नाकारतो.

मोठ्यांशी हे वापरू नये. फारसीत तो म्हणजे तू आणि शोमा म्हणजे तुम्ही असा फरक आहे, इंग्रजीत सगळ्यांना यूच, म्हणून शिकणाऱ्याला त्यातला अनादर जाणवतच नाही आणि तो हे सासऱ्याला किंवा साहेबाला म्हणून बसू शकतो. ही खरं तर तो वाली भाषा आहे, लहानांशी नाहीतर बरोबरीच्यांशी.

याचंच लांबवलेलं रूप म्हणजे ॲक्ट युअर एज, नॉट युअर शू साइझ, वयासारखं वाग, बुटाच्या नंबरासारखं नको. इंग्लंड अमेरिकेत बुटाचे नंबर ७, ८, ९ असे असतात, म्हणजे आठ वर्षांच्या पोरासारखा वागू नकोस. आपल्याकडेही साधारण तेच नंबर चालतात म्हणून आपल्याला लगेच कळतं, पण इराणमध्ये युरोपी नंबर, पुरुषाचा बूट ४२ किंवा ४३, मग वीस वर्षांच्या पोराला ४२ सारखं वागू नकोस म्हटलं तर अर्थ पार उलटाच होतो. त्यामुळे हे शिकवताना आधी बुटांच्या नंबरांचा तक्ता दाखवावा लागतो.