नरलांडग्यांचे बंड आणि लसीचे गणित

२०११ साली अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक कमांडने झॉम्बींच्या हल्ल्याला तोंड देण्याची सविस्तर योजना कागदावर उतरवली होती. लष्करी नियोजन शिकवण्यासाठी केलेला तो सराव होता, आणि एखाद्या खऱ्या देशाचे नाव घेऊन गैरसमज होऊ नये म्हणून काल्पनिक शत्रू निवडला होता. झॉम्बींच्या जागी पौर्णिमेला रूप पालटणारे आणि चाव्यातून वाढत जाणारे नरलांडगे कल्पिले, की बहुतेकांना चांदीच्या गोळ्या आणि रणगाडे आठवतात. माझ्या मते असे बंड आटोक्यात आणण्याचे मुख्य काम सार्वजनिक आरोग्य खात्याकडेच जायला हवे.

चाव्यातून पसरणारा खरा रोग म्हणजे रेबीज. त्याचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्या आतून मेंदूकडे सरकतो; या प्रवासासह लक्षणे दिसेपर्यंत सहसा दोन-तीन महिने जातात. तेवढ्यात लस टोचली, तर शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूच्या आधी तयार होते. १८८६ मध्ये पिसाळलेल्या लांडग्याने चावलेले १९ रशियन स्मोलेन्स्कहून पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे आले आणि त्यांतले १६ वाचले. नरलांडग्याच्या कथेत ही मुदत पुढच्या पौर्णिमेपर्यंतची, म्हणजे फार तर साडेएकोणतीस दिवसांची असते. चावल्याच्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी डोस देण्याचे आजचे वेळापत्रक तीत बसते. पौर्णिमा दोन दिवसांवर आली असेल, तर मात्र तयार प्रतिपिंडे थेट जखमेतच टोचावी लागतील.

खरी रंगत पुढच्या गणितात आहे. एक बाधित सरासरी जितक्यांना बाधित करतो, त्या संख्येला 'आर' म्हणू. नरलांडगे फक्त पौर्णिमेलाच जागे होत असल्यामुळे दर पौर्णिमेला एक नवी पिढी तयार होते; सुरुवात एकापासून झाली, प्रत्येक जण फक्त आपल्या पहिल्या पौर्णिमेला चावतो असे धरले आणि 'आर' दोन असेल, तर दहाव्या पौर्णिमेला १,०२४ नवे बाधित होतील. लोकसंख्येचा 'प' हा अंश लसीने सुरक्षित झाला, की दर पिढीची वाढ आर गुणिले (१ − प) इतकी उरते. ती एकाच्या खाली आली, की साथ आपोआप विझते. म्हणजे 'आर' दोन असताना निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना लस देणे पुरते.

मग मारून का भागत नाही? १९४० नंतर कोल्ह्यांमधला रेबीज पोलंडकडून पश्चिम युरोपात दरवर्षी कित्येक किलोमीटर पुढे सरकत होता. सरकारांनी कोल्ह्यांना गोळ्या घातल्या, त्यांच्या बिळांत विषारी वायू सोडला, तरी लाट थांबली नाही. मेलेल्या कोल्ह्याची हद्द रिकामी होते, ती बळकावायला शेजारची तरुण जनावरे येतात, भांडतात, चावतात आणि 'आर' पुन्हा चढतो. उलट लस घेतलेला कोल्हा आपली हद्द राखून बसतो आणि साखळी तिथेच तुटते. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लसीच्या पुड्या घालून ती मुंडकी ऱ्होन नदीच्या खोऱ्याच्या तोंडाशी पेरली गेली, आणि रोगाची लाट त्या पट्ट्यापाशी अडली. १९९९ मध्ये तो देश रेबीजमुक्त जाहीर झाला.

अफवेने 'आर' घटत नाही, माणसे मात्र मरतात. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात लांडगे लहान मुलांना उचलून नेत होते, तेव्हा हे काम लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसाचे आहे अशा समजुतीने जमावांनी निरपराध परक्यांचे जीव घेतले.

प्रशासनाची दंडेलीही तितकीच घातक ठरते. १८९७ च्या प्लेगात रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर पुण्यात घराघरांत शिरू लागले, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले, आणि २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. नरलांडग्यांच्या बंडातही चावलेल्या माणसाला पोलीस गोळी घालतील अशी भीती असेल, तर तो दवाखान्याची पायरी चढणार नाही आणि लसीचे मोलाचे दिवस वाया जातील. म्हणून पहिल्याच दिवशीच्या सरकारी आदेशात चावलेली व्यक्ती रुग्ण आहे, तिच्यावर गुन्हा नोंदवला जाणार नाही, पौर्णिमेच्या रात्री तिला बंद पण सुरक्षित कक्षात ठेवले जाईल आणि सकाळी घरी सोडले जाईल, हे स्पष्ट लिहिलेले असावे. लसीचा साठा किती मागवायचा, ते त्यानंतर ठरवता येईल.