जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र व्हायचंय? आधी हे तपासा

सहयोगी केंद्र म्हणजे संघटनेच्या कार्यक्रमांना हातभार लावण्यासाठी तिने मान्यता दिलेली संस्था. या मान्यतेसाठी विद्यापीठाला स्वतःहून अर्ज करता येत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. कुलगुरूंच्या सहीचं पत्र आणि विभागाचा जाडजूड अहवाल थेट जिनिव्हाच्या मुख्यालयाला पाठवून लोक महिनोन्‌महिने उत्तराची वाट बघत बसतात. प्रस्ताव संघटनेच्याच तांत्रिक अधिकाऱ्याने पुढे न्यावा लागतो. तुमचं काम त्याच्या कार्यक्रमाच्या उपयोगी पडत असेल, तरच तो ते करतो. म्हणून पत्राआधी तो माणूस शोधा.

मान्यता सहसा अख्ख्या विद्यापीठाला नव्हे, तर त्यातल्या एका विभागाला किंवा प्रयोगशाळेला मिळते. स्वयंसेवी संस्था, व्यावसायिक संघटना आणि नेटवर्क यांना ती मिळत नाही.

आता सगळ्यात जास्त प्रस्ताव जिथे कच्चे पडतात ती अट. संघटनेबरोबर किमान 2 वर्षं यशस्वीपणे काम केलेलं असावं लागतं. लोक ही 2 वर्षं सामंजस्य करारावर सही झाल्या दिवसापासून मोजतात. तसं नाही. दोघांनी मिळून आखलेलं आणि प्रत्यक्ष पार पडलेलं कामच धरलं जातं. परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम संघटनेसोबत बसून तयार केला असेल, तर तो धरला जाईल. संघटनेचा अधिकारी तुमच्या परिषदेत भाषण करून गेला, तर ते सहकार्य ठरत नाही; फोटो कितीही जोडा. अडचण अशी की केलेल्या कामाचाही कागद कोणाकडे नसतो. सगळं एका प्राध्यापकाच्या ईमेलमध्ये असतं आणि ते निवृत्त होतात. पहिल्या दिवसापासून पत्रव्यवहार, ठरलेली कामं आणि तयार झालेलं साहित्य विभागाच्या फाइलमध्ये ठेवा, कळकळीने सांगतो.

दुसरी अडचण प्रस्तावातल्या कार्ययोजनेची, म्हणजे मान्यतेच्या काळात संघटनेसाठी काय काम करणार याच्या आराखड्याची. त्यात विभागाची नेहमीची पदव्युत्तर शिकवणी, स्वतःचं संशोधन असं सगळं कोंबलं जातं. संघटनेच्या कार्यक्रमाला हातभार लावणारीच कामं लिहा, आणि प्रत्येकापुढे काय तयार होईल व कधी, हे स्पष्ट मांडा. थोडी पण नेमकी कामं असलेली योजना चांगली.

पैशांचाही गैरसमज दूर करा. ही मान्यता म्हणजे अनुदान नव्हे. कामाचा खर्च संस्थेनेच उचलायचा असतो, त्यामुळे वित्त विभागाला आधीच विश्वासात घ्या. संघटनेचं बोधचिन्हही परवानगीशिवाय पाटीवर किंवा प्रमाणपत्रांवर छापता येत नाही.

पुढे अंतर्गत छाननी, सरकारशी सल्लामसलत आणि शेवटी महासंचालकांची मान्यता. यात तुमच्या हातात फारसं काही नाही.

मान्यता सहसा 4 वर्षांची असते आणि ती आपोआप वाढत नाही. दरवर्षी प्रगती अहवाल द्यावा लागतो. तो न देता चौथ्या वर्षाच्या अखेरीस धावाधाव करणारे विभाग दिसतात, तेव्हा वाईट वाटतं, कारण काम झालेलं असतं. मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी, निदान वर्षभर आधी, त्या तांत्रिक अधिकाऱ्याशी नूतनीकरणाचं बोलणं सुरू करा. तो बदलून गेला असेल, तर नव्याला तुमची फाइल दाखवण्यापासून सुरुवात करावी लागते.