लहरीला वाट रुंद लागते

इंदूरहून खंडवा रोडने निघालं, सिमरोल मागे टाकलं, की माळव्याचं पठार संपतं आणि चोरलच्या दिशेने उतार सुरू होतो. तिकडे विजेच्या खांबांपासून दूर शेतघर बांधणाऱ्या ओळखीच्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो : "गावातलं घर इथून स्वच्छ दिसतं, तिथे फायबर आलंय. मग दोन डिश समोरासमोर लावल्या की झालं ना?"

डोळ्यांना दिसतं म्हणजे नेट येणारच, ही समजूत फार पसरलेली आहे. ती चुकीची का, हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण त्यामागचं विज्ञान विलक्षण सुंदर आहे.

आधी सामानाचं बोलू. फायबरवाल्या घराच्या गच्चीवर रेडिओलहरींनी नेट पाठवणारी एक डिश, शेतघरावर दुसरी, आणि तिला जोडलेला छोटा राउटर. ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशी जोडणी करायला भारतात २०१८पासून वेगळा परवाना लागत नाही. मात्र उपकरण मान्यताप्राप्त हवं आणि ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेतच चालवायला हवं. सॉकेटमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर इथे कामाचा नाही. त्याचा पल्ला घरापुरता असतो, शिवाय एकाच रेडिओवर डेटा घेऊन त्याच चॅनलवर पुढे पाठवायचा म्हणजे वेग निम्म्यावर येतो.

आता मुख्य मुद्दा. रेडिओलहर एका डिशपासून दुसरीपर्यंत दोरीसारखी सरळ जात नाही. ती पसरते आणि आजूबाजूच्या असंख्य वाटांनी पोहोचते. समजा, दोन डिशमध्ये २ किलोमीटर अंतर आहे. बरोबर मध्यावर, सरळ रेषेपासून ५ मीटर बाजूला एक बिंदू घ्या. त्या बिंदूवरून वळसा घेऊन जाणारी वाट किती लांब? शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय लावून बघा. वाढ होते फक्त अडीच सेंटिमीटर! पण ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबीच सुमारे ५.२ सेंटिमीटर आहे. म्हणजे वळशाने आलेली लहर जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीने मागे पडते. जिथे फरक अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी, तिथून आलेल्या लहरी एकूण बेरजेत भर घालतात. त्यापलीकडच्या पट्ट्यातून आलेल्या ती खोडतात. ही सीमा सगळीकडून आखली, तर दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगलेला, लांबलचक पखवाजासारखा आकार तयार होतो. हाच पहिला फ्रेनेल झोन.

ऑगस्टिन फ्रेनेल हा पेशाने रस्ते-पूल बांधणारा फ्रेंच इंजिनिअर. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १८१८च्या सुमारास घेतलेल्या स्पर्धेत त्याने प्रकाश लहरींचा असतो हे मांडलं. परीक्षकांपैकी प्वासाँला ते पटेना. त्याने फ्रेनेलच्याच गणितातून दाखवलं, की असं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजळ ठिपका पडायला हवा, आणि असं कुठे असतं का! दुसरा परीक्षक आरागो, त्याने प्रयोग करून पाहिला. ठिपका होता.

तेच गणित आपल्या जोडणीला लावू. झोनची त्रिज्या तरंगलांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. २ किलोमीटरसाठी मध्यावर ती ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे ५ मीटर, २.४ गिगाहर्ट्झला सुमारे ८ मीटर, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला फक्त दीडेक सेंटिमीटर येते. म्हणून पानांच्या फटीतून गावातलं घर दिसतं, पण लहरीला त्या फटीतून वाट मिळत नाही. निदान ६० टक्के त्रिज्या, म्हणजे मध्यावर रेषेभोवती ३ मीटर जागा मोकळी हवी. रेषा टेकडीच्या धारेला नुसती चाटून गेली, तरी पोहोचणारी शक्ती चतुर्थांशावर येते.

चोरलकडच्या भागात सागवान आहे, आणि सागवान उन्हाळ्यात निष्पर्ण असतं. एप्रिल-मेमध्ये जोडणी करून खूश झालेल्यांचं नेट जुलैत लटपटतं ते यामुळे. पावसाच्या थेंबांचा एवढ्या अंतरावर या लहरींना फारसा त्रास होत नाही. अडथळा असतो तो ओल्या, रुंद पानांचा. तेव्हा खांबाची उंची भर पावसाळ्यातलं झाड डोळ्यांसमोर ठेवून ठरवा.

डिश लावली की शेजारपाजारचे रेडिएशनची भीती घालतात. २०२१मध्ये ५जीमुळे कोरोना पसरतो अशी अफवा उठली, तेव्हा देशात ५जी सेवा सुरूसुद्धा झाली नव्हती. या लहरींच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या सर्वांत छोट्या पुडक्यामध्ये, रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. मोबाइलवर चिकटवायचे 'अँटी-रेडिएशन' स्टिकर खरोखर लहरी अडवत असते, तर फोनची रेंजच गेली असती. त्यावर पैसे घालवू नका.

विजेचा हिशेब सोपा आहे. डिश आणि राउटर मिळून १० वॅट धरले, तर दिवसाला २४० वॅट-तास. पावसाळ्यात पूर्ण तेजाचं ऊन दिवसाला ३ तासांइतकंच मिळेल असं धरा, गळती वजा करा, की १५० वॅटचं सोलर पॅनेल योग्य ठरतं. ते दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २३ अंशांत तिरकं लावा. इंदूरचा अक्षांशही जवळपास तेवढाच आहे. तीन ढगाळ दिवस निघावेत म्हणून १२.८ व्होल्ट, ८० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, आणि पॅनेल व बॅटरीच्या मध्ये तिला चालणारा, चार्जिंग आवरणारा चार्ज कंट्रोलर.

इन्व्हर्टर मात्र टाळा. बॅटरीचे १२ व्होल्ट २३० करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा १२वर आणायचे, यात छोट्या इन्व्हर्टरचा स्वतःचा वीजखर्चच राउटरच्या वीजखर्चाइतका होऊ शकतो. त्याऐवजी स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी कन्व्हर्टर बसवा. डिशला २४ व्होल्ट लागत असतील, तर व्होल्टेज वाढवणारा वेगळा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून हवा, कारण पुढे कुठेही शॉर्टसर्किट झालं तर बॅटरीतून येणारा प्रवाह तार वितळवू शकतो.