शेजाऱ्याशी बोलण्याची परवानगी: मोठ्या वर्गातल्या सक्रिय अध्यापनाची पार्श्वभूमी

एका शिक्षकाने शेकडो मुलांना शिकवायचं कसं, हा प्रश्न जुनाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधल्या एका अनाथाश्रमाच्या शाळेत मुलांनीच मुलांना शिकवायची पद्धत बसवली गेली. पुढे ती इंग्लंडभर पसरली आणि मुंबई इलाख्यातल्या शाळांतही आली. पण त्यात भर घोकण्यावर होता. भरलेल्या वर्गात प्रत्येकाने स्वतः डोकं चालवावं, ही सक्रिय अध्यापनातली अपेक्षा अलीकडची, आणि तिला जोर मिळाला तो भौतिकशास्त्राच्या वर्गांमुळे.

1980 च्या दशकात अमेरिकेत लक्षात आलं, की गणितं बिनचूक सोडवणाऱ्या मुलांच्या मनातल्या गतीविषयीच्या समजुती शाळेआधीच्याच राहतात. 1992 मध्ये यासाठी एक चाचणी प्रसिद्ध झाली, सूत्रांची गरज नसलेली. मालट्रक आणि छोटी मोटार एकमेकांवर आदळली, तर कोणाचं बल जास्त? दोन्हीकडची बलं सारखीच असतात हा न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेली मुलंही ट्रककडे बोट दाखवत. हार्वर्डमध्ये त्याआधीची अशीच एक चाचणी देताना एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, की उत्तर तुम्ही शिकवलं तसं लिहू की मला वाटतं तसं? तिथल्या प्राध्यापकाने 1991 पासून व्याख्यानाचा साचाच बदलला.

नवी रीत अशी: दहा-पंधरा मिनिटं शिकवायचं, मग पर्यायी उत्तरांचा एक प्रश्न. आधी प्रत्येकाने न बोलता विचार करून उत्तर नोंदवायचं. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या मध्ये असतील तर शेजाऱ्याला पटवायला सांगायचं आणि पुन्हा उत्तर घ्यायचं. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा शिकवायचा, जास्त असतील तर थोडक्यात उलगडून पुढे जायचं. सुरुवातीला हात वर करून किंवा पुठ्ठ्याची कार्डं दाखवून भागायचं, क्लिकर, म्हणजे बटण दाबून उत्तर नोंदवायची छोटी यंत्रं, नंतर आले.

यावरचा सगळ्यात टोकदार आक्षेप म्हणजे दुसऱ्या फेरीत उत्तरं सुधारतात ती हुशार शेजाऱ्याची नक्कल करून. आक्षेप रास्त होता आणि बरीच वर्षं अधांतरी राहिला. 2009 मध्ये कोलोरॅडोतल्या सुमारे 350 विद्यार्थ्यांच्या आनुवंशशास्त्राच्या वर्गात त्याची परीक्षा झाली. चर्चेनंतर, बरोबर उत्तर न सांगताच, त्याच संकल्पनेवरचा पण वेगळा दिसणारा प्रश्न दिला आणि तो एकेकट्याने सोडवायला लावला. मुलांनी तोही जास्त चांगला सोडवला. ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच उत्तर येत नव्हतं, असे गटही सुधारल्याचं त्या विश्लेषणात दिसलं. नकलेने एवढं होत नाही.

मात्र याच वादाला दुसरी बाजू आहे. बरोबर उत्तराला भारी गुण ठेवले की जोडीतला आत्मविश्वासू मुलगाच बोलतो आणि दुसरा त्याच्यामागे जातो, असं खगोलशास्त्राच्या वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांत आढळलं. भाग घेण्यालाच गुण असले तर बोलणं दोघांत वाटलं जातं. माझ्या मते या पद्धतीचं यश यंत्रापेक्षा गुणांच्या या निर्णयावर अवलंबून आहे, आणि नेमकी तीच गोष्ट कार्यशाळांतून घाईत उरकली जाते.

2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातल्या 225 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं: नुसत्या व्याख्यानात नापासांचं प्रमाण सुमारे 34 टक्के, सक्रिय वर्गात 22. लहान वर्गांत फायदा जास्त होता, पण मोठ्या वर्गांतही तो टिकला. 2019 मध्ये हार्वर्डमध्ये असंही दिसलं, की सक्रिय वर्गात मुलं जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर शिक्षकाचं मूल्यमापन करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

आपल्याकडे 2013 मध्ये मुंबईच्या आयआयटीत साडेचारशेच्या आसपास मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी एकट्याने विचार, मग जोडीत, मग सगळ्यांसमोर, या क्रमाने काम दिल्यावर सरासरी 83 टक्के मुलं त्यात गुंतलेली दिसली. ऐंशी-शंभराच्या तुकडीत हे जमत नाही, असं म्हणणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी हा अनुभव जवळचा आहे. तिथली खरी अडचण संख्येइतकीच बोर्डाच्या परीक्षेची आहे: पोर्शन संपवायचा असतो आणि चर्चेत गेलेली दहा मिनिटं वेळापत्रकात कुठेच धरलेली नसतात.