‘पिक अप’ म्हणजे काय, असं विचारण्याआधी

“मॅडम, ‘पिक अप’ म्हणजे काय, एवढंच सांगा की.” असा मेसेज आमच्या भाषांतर आणि टायपिंग केंद्रात सारखा येतो. शब्द दोनच आहेत, तेव्हा उत्तरही तेवढंच असणार, असं पाठवणाऱ्याला वाटतं.

उचलणे हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. घोटाळा तिथूनच सुरू होतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका ग्राहकांना माल घेणाऱ्या पार्टीचा मेल आला: ‘ऑर्डर्स शुड पिक अप बाय द एंड ऑफ द मंथ.’ महिनाअखेर माल उचलायला येणार असं समजून ते कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, पॅक करून बसले. पार्टीचं म्हणणं एवढंच होतं, की सध्या मंदी आहे, महिनाअखेरपर्यंत ऑर्डरी वाढतील.

उलट ‘वी विल पिक अप द फ्रेट चार्जेस’ असं आलं तर पेढे वाटा, कारण माल नेण्याचं भाडं समोरची पार्टीच भरणार आहे. ‘ही इज नॉट पिकिंग अप’ म्हणजे फोन घेत नाही. ‘शी पिक्ड अप कन्नड’ म्हणजे शिकवणी न लावता, ऐकून ऐकून कन्नड शिकली. सर्दी झाली तरी हेच क्रियापद. सांबऱ्याला विमानतळावर पाहुण्यांना घ्यायला जायचं तरी हेच. फक्त तिथे ‘पिक हिम अप’ लिहा, ‘पिक अप हिम’ नको.

इंग्रजीला नावं ठेवू नका. आपणही माल उचलतो, ऊसतोड मजूर उचल घेतो, पोलीस चोराला उचलतात आणि पोरं शिव्या लगेच उचलतात. कन्नडात तर ‘एत्तु’ म्हणजे उचलणे, आणि बैलसुद्धा!

तर विनंती एकच. नुसते दोन शब्द पाठवू नका. अख्खं वाक्य पाठवा, त्याच्या आधीचंही पाठवा, आणि कोणी कोणाला लिहिलंय ते सांगा. फोटो पाठवताना बाकीचा मजकूर कापू नका. तो कापला की आम्ही परत विचारतो, तुम्ही संध्याकाळी दुकान बंद करून उत्तर देता, आणि तुमचाच दिवस जातो.

“मोबाईल फुकटात सांगतो, तुम्ही पैसे का घेता?” असंही कुणी म्हणतं. पूर्ण वाक्य दिलं तर मोबाईलही बऱ्याचदा बरोबर सांगतो, हे आम्हीच कबूल करतो. पण शंका आली तर तो तुम्हाला फोन करून “भाडं कोण देणार असं ठरलं होतं?” हे विचारत नाही. आम्ही विचारतो, आणि उत्तराचा मेलही मराठी, कन्नड किंवा इंग्रजीत तयार करून देतो.

दोन ओळींपर्यंत अर्थ सांगायचे पैसे घेत नाही. कोटेशन, टेंडर, करार मात्र केंद्रावर आणून द्या. झेरॉक्स चालेल, पण सगळी पानं हवीत.