दूरचित्रवाणीवरील मदत-जलसे व लोकप्रिय पॉप संगीत

दुष्काळ, युद्ध, नैसर्गिक आपत्ती इत्यादींसाठी निधी किंवा जनमत उभे करण्याकरिता मोठ्या मैदानात वा सभागृहात होणारे आणि दूरचित्रवाणीवरून दाखवले जाणारे संगीत जलसे. त्यांत प्रामुख्याने खपाच्या यादीत आघाडीवर असलेले पॉप व रॉक कलावंत असतात. या निवडीविषयी खुद्द संगीतकारांनी मांडलेली मते, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

उगम : या प्रकाराचा आरंभ कोठून मानावा, याबद्दल एकमत नाही. बहुतेकदा १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’चा दाखला देतात. बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी पं. रविशंकर यांच्या विनंतीवरून ‘बीटल्स’ गटाचे जॉर्ज हॅरिसन यांनी तो घडवून आणला. दोन प्रयोगांना मिळून सुमारे ४०,००० श्रोते आले आणि तिकीटविक्रीचे सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफला देण्यात आले. आरंभी रविशंकर, अलीअकबर खाँ व अल्लारखाँ यांचे वादन होते. वाद्ये जुळवून होताच टाळ्या पडल्या. तेव्हा जुळवणीच एवढी आवडली असेल, तर वादन अधिक आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर म्हणाले. हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. पण नामवंतांसाठी जमलेला श्रोता आणि समोर चाललेले संगीत यांतील अंतर त्यात नेमके सापडते. मात्र हा जलसा थेट प्रक्षेपित झाला नव्हता. त्याचा चित्रपट १९७२ मध्ये आला. करमुक्तीची तजवीज आधी न केल्यामुळे ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांचे बरेचसे उत्पन्न अनेक वर्षे अमेरिकेच्या करखात्यात अडकून पडले.

दुसरा दावा ‘म्युझिक फॉर युनिसेफ’चा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सभागृहात ९ जानेवारी १९७९ रोजी झालेला हा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने दाखवला. अ‍ॅबा, बी जीज, डॉना समर, रॉड स्टुअर्ट आदींनी आपापल्या गाण्यांच्या स्वामित्वधनातून वाटा दिला. तिसरा व सर्वांत परिचित दावा गायक बॉब गेल्डॉफ आणि मिज यूर यांनी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी केलेल्या ‘लाइव्ह एड’चा (१३ जुलै १९८५, लंडन व फिलाडेल्फिया). त्याच्या प्रेक्षकसंख्येचा दीड ते दोन अब्ज हा आकडा सर्वत्र दिला जातो. तो अंदाज आहे, मोजणी नव्हे. प्रस्तुत विषयापुरता १९७९चा कार्यक्रम अधिक महत्त्वाचा वाटतो. १९७१मध्ये मित्रांना बोलावून यादी झाली होती. १९७९मध्ये ती वाहिनीच्या प्रेक्षकासमोर खपणाऱ्या नावांची होती. पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच फरकात आहे.

निवडीचा वाद : पॉप संगीत उथळ आहे, एवढाच आक्षेप संगीतकारांनी क्वचित घेतला. ब्रिटिश गायक मॉरिसी यांनी १९८५मध्ये ‘बँड एड’च्या (गेल्डॉफ व यूर यांनी त्याच दुष्काळासाठी जमवलेल्या कलावंतांच्या गटाच्या) गाण्यावर केलेली जळजळीत टीका हा त्याचा ठळक अपवाद. इथिओपियाविषयी कळवळा असावा, पण म्हणून ब्रिटिश जनतेचा रोज छळ कशाला, असा त्यांचा सूर होता. (गेल्डॉफ यांनीही पुढे त्या गाण्याची गणना सर्वांत वाईट गाण्यांत केली.) खरा वाद मंच कोणाला मिळतो, याचा आहे. ‘लाइव्ह एड’च्या लंडनच्या मंचावर कृष्णवर्णीय कलावंत कमी का, या प्रश्नावर गेल्डॉफ यांचे उत्तर सरळ हिशेबाचे होते : ज्याच्या तबकड्या जास्त खपतात त्याला जास्त लोक पाहतात, आणि म्हणून पैसाही जास्त जमतो.

नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्ब्ली मैदानात ११ जून १९८८ रोजी झालेल्या जलशात हाच पेच आयोजकांमध्येच उभा राहिला. संगीतकार जेरी डॅमर्स यांना वर्णभेदविरोधी व आफ्रिकी कलावंतांना अधिक जागा हवी होती, तर निर्माते टोनी हॉलिंग्जवर्थ यांना प्रक्षेपकांना पटतील अशी मोठी नावे. अमेरिकेत फॉक्स वाहिनीने राजकीय वक्तव्ये कापली, आणि सहभागी गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँट यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. गंमत अशी की, त्या दिवशी सर्वाधिक लाभ झाला तो तोवर फारशा परिचित नसलेल्या गायिका ट्रेसी चॅपमन यांना. स्टीव्ही वंडर यांचे उपकरण ऐनवेळी न सापडल्याने ती वेळ भरून काढण्यासाठी चॅपमन केवळ गिटार घेऊन दुसऱ्यांदा मंचावर आल्या.

जी-८ या आठ प्रमुख देशांच्या गटाच्या बैठकीआधी आफ्रिकेतील दारिद्र्याकडे लक्ष वेधण्यासाठी झालेल्या ‘लाइव्ह ८’च्या वेळी (२ जुलै २००५) ब्रिटिश गायक डेमन अल्बार्न यांनी हाच आक्षेप पुन्हा घेतला. त्यानंतर गायक पीटर गेब्रिएल यांच्या पुढाकाराने इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या इडन प्रोजेक्ट या वनस्पतिउद्यानात आफ्रिकी कलावंतांचा वेगळा जलसा झाला. ती भरपाई होती की बाजूला काढणे, यावर तेव्हाही दुमत होते. दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते, कारण मुख्य प्रक्षेपण लंडनच्या हाइड पार्कमधील जलशाचेच राहिले. हाइड पार्क व इडन या दोन्ही मंचांवर दिसलेले सेनेगली गायक यूसू न्दूर हे अपवाद.

लाभ व परिणाम : जलशानंतर सहभागी कलावंतांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचा खप वाढतो. ‘लाइव्ह ८’नंतर पिंक फ्लॉइडच्या संकलनाची विक्री एकाएकी उसळली, तेव्हा त्या गटाचे डेव्हिड गिल्मर यांनी वाढीव नफा दान करण्याची घोषणा केली व इतरांनीही तसे करावे असे सुचवले. परिणामाबद्दल शंका घेणारेही होते. अ‍ॅनी लेनक्स यांचे गाणे पाहून जी-८चा एखादा नेता विरघळेल काय, अशी खिल्ली ‘ओअॅसिस’ गटाचे नोएल गॅलघर यांनी उडवली. हवामानबदलाविषयी जागृतीसाठी ७ जुलै २००७ रोजी झालेल्या ‘लाइव्ह अर्थ’वर तर टीका अधिकच झाली. ‘द हू’ गटाचे रॉजर डॉल्ट्री यांच्या मते पृथ्वीला शेवटची गरज कशाची असेल, तर ती रॉक जलशाची. कलावंत खाजगी विमानांनी जलशाला जातात, या विसंगतीवर बोट ठेवत ‘म्यूज’ गटाचे मॅथ्यू बेलामी यांनी त्याला ‘हवामानासाठी खाजगी विमाने’ म्हटले.

बॉब डिलन यांनी ‘लाइव्ह एड’च्या मंचावरून काही पैसा अमेरिकी शेतकऱ्यांकडे वळवावा असे सुचवले, गेल्डॉफ यांना ते असंवेदनशील वाटले. त्यातूनच २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉयमध्ये विली नेल्सन, जॉन मेलनकॅम्प व नील यंग यांचा ‘फार्म एड’ झाला. तो पुढेही चालू राहिला.

मँचेस्टर : इंग्लंडमधील मँचेस्टर अरीना सभागृहात पॉप गायिका अ‍ॅरियाना ग्रांदे यांच्या जलशाच्या अखेरीस झालेल्या बाँबस्फोटानंतर (२२ मे २०१७, २२ मृत्यू) ४ जून रोजी अ‍ॅरियाना ग्रांदे यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘वन लव्ह मँचेस्टर’ला वरील आक्षेप फारसे लागू पडले नाहीत. हल्ला पॉपच्याच श्रोत्यांवर झाला होता. त्यामुळे पॉप तारे तेथे उपरे नव्हते. लिअम गॅलघर यांनी नंतर तक्रार केली ती संगीताबद्दल नव्हे, तर भाऊ नोएल न आल्याबद्दल.